नवा करार आणि चूल : टिळक पती-पत्नींची शरणागती

बेशात व्याख्यान आहे म्हटल्यावर कुणीतरी विचारलं, “इतक्या लांब कोण येणार?” दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे म्हणणं ठीक होतं. आता इकडे फ्लॅट इतके झालेत की लांब कोण राहतं, हाच प्रश्न आहे. (हशा) येताना स्वामी समर्थांच्या मंदिराकडे गर्दी दिसली. तिथं कुणालाही विचारा, ‘शरण जाणं’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आजचा विषय तोच आहे. फक्त ही शरणागती एका पुस्तकाच्या वाचनातून आली, आणि ते पुस्तक बायबलमधला नवा करार होतं.

गोष्ट सुरू होते आपल्या नागपुरातच. १८९१च्या सुमारास नारायण वामन टिळक इथं आले. जन्म १८६१चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. संस्कृतचा चांगला व्यासंग, वक्तृत्व, कविता. अप्पासाहेब बुटी या धनिकांनी वैदिक वाङ्मयाचं काम हाती घेतलं होतं, त्यात टिळकांना जागा मिळाली. ‘ऋषी’ नावाचं मासिकही त्यांनी चालवलं. माणूस एका जागी टिकणारा नव्हता. घरात न सांगता निघून जायचं, हाताशी पैसा असला की वाटून टाकायचा, नोकरी आवडली नाही की सोडायची. बाहेरून बघणाऱ्याला हे वैराग्य वाटेल. पण या माणसाला सगळं आपल्या मनासारखं व्हायला हवं होतं, असं माझं मत आहे. जुन्या धर्मानं समाधान होईना, तेव्हा आपणच एक नवा धर्म मांडावा, असंही त्यांच्या मनात घोळत होतं. त्याची तत्त्वंसुद्धा त्यांनी ठरवून ठेवली होती!

मग १८९३चा तो रेल्वेप्रवास. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरण्यापूर्वी त्यानं टिळकांना नवा करार दिला, आणि हे नीट वाचलंत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं. टिळकांना ते पटलं नाही, पण पुस्तक शेवटपर्यंत वाचीन असा शब्द त्यांनी दिला. दिलेला शब्द पाळायचा म्हणून वाचन सुरू झालं. मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचवा, सहावा, सातवा अध्याय आला, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन, आणि तिथं ते अडकले. शत्रूवर प्रेम, उद्याची काळजी सोडणं, असल्या गोष्टी तिथं आहेत. स्वतःचा धर्म रचू पाहणाऱ्याला त्या पानांवर आपल्याला हवं ते आधीच लिहिलेलं सापडलं. रचनाकार व्हायला निघालेला माणूस शिष्य व्हायला तयार झाला. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भाकिताची मुदत जवळपास तंतोतंत पाळली म्हणायची.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, आणि सांगणारे बहुधा इथंच थांबतात. पण घरी बायको होती, आणि पदरात लहान मुलगा.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. लग्न झालं तेव्हा वय अकरा. त्यांच्या माहेरचं सोवळं काय होतं ते ‘स्मृतिचित्रे’त वाचा. वडिलांना शिवाशिवीचा असा ध्यास की घरात येणारी जिन्नस धुतल्याशिवाय आत यायची नाही. अक्षरशः मीठ-साखरेपर्यंत ही गोष्ट गेली होती. हसू येतं, बाईंनी लिहिलंयही हसत हसत. पण जरा थांबून बघा, ते घर कशावर चाललं होतं? सगळ्यावर ताबा ठेवला की संकट येणार नाही, या एका समजुतीवर. अशा घरात वाढलेल्या मुलीला एक दिवस कळतं, नवरा ख्रिस्ती झाला. तिला विचारलेलं नाही.

टिळकांनी स्वतःला देवाच्या स्वाधीन केलं, यात मला शंका नाही. पण घराच्या बाजूनं बघितलं तर तोही त्यांचा एकट्याचाच निर्णय होता, आधीच्या सगळ्या निर्णयांसारखा. देवाला जे दिलं त्यात लक्ष्मीबाईंचं सौभाग्यही होतं, त्यांची जातही, माहेरी ताठ मानेनं उभं राहण्याची सोयही. ते द्यायचा अधिकार टिळकांना होता का? चरित्रकारांनी हा प्रश्न फारसा विचारलेला नाही, म्हणून मी विचारतो.

पुढं काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पत्रं येत-जात होती. मग लक्ष्मीबाई परत आल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. नवऱ्याजवळ राहायचं आणि आपलं सोवळंही पाळायचं. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या हातचं नाही, हे सगळं त्या घरात चालू राहिलं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मला वाटतं, त्यांची खरी शरणागती इथं दिसते. पुस्तक वाचून स्वतःला बदलणं एक वेळ जमतं. शेजारच्या माणसाला आपल्या वेळापत्रकानुसार न बदलणं फार कठीण, आणि या तापट गृहस्थाला तर फारच.

लक्ष्मीबाईंचा मार्ग ग्रंथातून सुरू झाला नाही, पाण्याच्या भांड्यापासून झाला. जात माणसानं केली की देवानं, हा विचार त्यांनी स्वतःच केला, आणि माणसानंच केली असं पटल्यावर शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा नंतर आला, १९०० साली, राहुरीला. हा क्रम लक्षात ठेवा. टिळकांच्या बाबतीत आधी वाचन होतं आणि मग आचरण. बाईंच्या बाबतीत चुलीपाशी आचरण आधी बदललं.

टिळकांची सोडण्याची सवय पुढंही गेली नाही. ‘ज्ञानोदया’चं संपादन, कीर्तनं, अभंग. ख्रिस्ताकडे ते तुकोबाच्या वाटेनं गेले, असं ते स्वतःच मानत. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. मिशनच्या चौकटीत वाढलेल्यांना हे किती पचलं असेल, तुम्हीच विचार करा. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ला, ते वारले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. ते पुढं नेलं कुणी? शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी. उरलेला बहुतेक भाग त्यांचा आहे.

(श्रोत्यांतून प्रश्न : बाईंनी टिळकांना माफ केलं का?)

‘स्मृतिचित्रे’त हा शब्द मला आठवत नाही, ताई. तक्रारी मात्र पानोपानी आहेत, आणि त्या प्रत्येक तक्रारीत माया आहे. तुम्ही वाचून मला सांगा. चहा तयार आहे म्हणतात, तिकडे बोलू.