टर्मिनलवरचा कौल

कोड लिहिताना अडले की टर्मिनलच्या काळ्या पडद्यावरच एक ओळ टाइप करून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलला विचारायचे, ही रीत २०२३ पासून रुळली. तिची चौकट मात्र जुनी आहे. ओळ लिहावी, एंटर दाबावे, खाली येणारे उत्तर वाचावे, ही युनिक्स या संगणक-प्रणालीची सवय. आणि युनिक्सचा आरंभ बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केला.

त्याआधी बहुतेक ठिकाणी संगणकाला काही विचारणे म्हणजे अर्ज देऊन ताटकळणे होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा प्रोग्राम छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्याने जाई. गठ्ठा द्यायचा, पाळी येईपर्यंत थांबायचे, छापील निकाल घ्यायचा. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. टर्मिनलने हे हेलपाटे संपवले. सोबतीला ‘मॅन’ ही आज्ञा आली, पण ती मार्गदर्शिकेचे पान तेवढे समोर ठेवी. विचारणाऱ्याचा कोड काही वाचत नसे. तो वाचून संशयास्पद जागा दाखवणारे ‘लिंट’ हे साधन स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये रचले. त्याच्या आधी, १९७३ मध्ये, युनिक्सला ‘पाइप’ मिळाला होता: दोन आज्ञांमध्ये एक उभी रेघ, आणि पहिलीचे उत्तर थेट दुसरीच्या हाती. पन्नास वर्षांनी सगळ्यात कामाला आली ती ही रेघच.

हा काळा पडदा कोकणाच्या वाटेवरही भेटतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि कणकवली-कुडाळच्या मधल्या ओरोसला मुख्यालयाचे गाव वसले, सिंधुदुर्गनगरी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात देशातली जिल्हा मुख्यालये ‘निकनेट’ या उपग्रह-जाळ्याने जोडायला घेतली. त्या काळात संगणकावर बसणाऱ्याला आधी आज्ञा पाठ करावी लागे. माउस पुढे भेटला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट खुले केले, तेव्हा मोठ्या शहरांतल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेले स्वस्त ‘शेल अकाउंट’ही निव्वळ अक्षरांचेच होते. मग विंडोज आले. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाने गावोगाव संगणक पोहोचवला, तो खिडक्यांचा आणि चित्रांचा. काळा पडदा उरला पॉलिटेक्निक-इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक शेजारी उघडे ठेवून बसणाऱ्यांपुढे. अडले तर पुस्तक, नाहीतर बाजूच्या बाकावरचा.

ही बाजूच्या बाकावरची जागा मॉडेलने घेतली. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आले, पण ते ब्राउझरमध्ये; कोड तिथे नेऊन चिकटवायचा, उत्तर उचलून परत आणायचे. २०२३ मध्ये सायमन विलिसन यांनी ‘एलएलएम’ नावाचे छोटे साधन काढले आणि ही नेआण थांबली. फाइल पाइपमधून सोडायची, पुढे प्रश्न लिहायचा. उत्तर तिथेच उमटते, आणि सवाल-जवाब एसक्यूलाइट या डेटाबेसच्या फाइलमध्ये नोंदले जातात. मॉडेल कुठल्या कंपनीचे, हे आज्ञेतच सांगता येते. त्यामुळे एकाचे उत्तर पटले नाही तर तोच प्रश्न दुसऱ्याला घालता येतो.

सिंधुदुर्गात ग्रामदेवतेला कौल लावतात, तोही प्रश्नच. तिथे देवाला लावलेली पाकळी उजवी पडते किंवा डावी, उत्तर दोनच. मॉडेल मात्र चुकीचे उत्तरही सफाईदार कारणे देऊन सांगते, नसलेल्या फंक्शनचे नावही बिनदिक्कत घेते. म्हणून या कौलाची परीक्षा कोड चालवूनच होते.

पुढची पायरी २०२५ ची. फेब्रुवारीत अँथ्रोपिकचे क्लॉड कोड, एप्रिलमध्ये ओपनएआयचे कोडेक्स सीएलआय, जूनमध्ये गूगलचे जेमिनी सीएलआय अशी तीन साधने ओळीने आली. सल्ला देऊन ती थांबत नाहीत. परवानगी घेऊन फाइल बदलतात, चाचण्या चालवतात. त्याच वर्षी सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनाने ‘मार्व्हेल’ या सरकारी कंपनीच्या मदतीने कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला घेतली. तो कारभार दफ्तरी कामकाजाचा, कोड लिहिण्याचा नव्हे. दोन्हींची गल्लत करण्याचे कारण नाही.

मोठी मॉडेले दूरच्या सर्व्हरवर चालतात, म्हणून प्रत्येक प्रश्नाला जोडणी लागते. ‘ओलामा’सारख्या साधनाने लहान मॉडेल एकदा लॅपटॉपवर उतरवून घेतले तर ती लागत नाही. उत्तरे जरा कच्ची मिळतात, पण पावसाळ्यात लाइन गेली, नेट गेले, तरी बॅटरी संपेपर्यंत ते मॉडेल बोलत राहते.