लाकडी धनुष्याचे रोगण व वेष्टन : जपानी धनुष्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शस्त्रास्त्रांच्या इतिहासात धनुष्याचा विचार प्रामुख्याने पल्ला आणि मारक शक्ती यांच्या अंगाने केला जातो. लाकूड तासून त्याला बाक दिला की कारागिराचे काम संपले. त्यापुढील रोगण, रंग व वेष्टन ही केवळ हौस होय, असा समज त्यामागे असतो. जपानी धनुष्याचा इतिहास या समजाला छेद देतो. वृक्षाचा चीक, झाडाची साल आणि वेत या नैसर्गिक द्रव्यांनी धनुष्यावर फिरविलेला अखेरचा हात प्रथम त्याचे रक्षण, पुढे त्याचा अलंकार आणि शेवटी धारकाच्या दर्जाचे चिन्ह कसा बनला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

द्रव्ये आणि त्यांचे कार्य :

लाकूड हवेतील आर्द्रता शोषून घेते. आर्द्रता वाढली की धनुष्य नरम पडते व त्याची ओढ कमी होते. लाकूड अति कोरडे झाले तर ते मोडण्याचा संभव असतो. पावसाळी, दमट हवेच्या जपानमध्ये हा प्रश्न बिकट होता. त्यावरील उपाय उरुशी वृक्षाच्या चिकात सापडला. सावंतवाडीच्या खेळण्यांमुळे मराठी वाचकाला परिचित असलेली लाख कीटकजन्य आहे. उरुशी मात्र झाडाच्या खोडाला चिरा पाडून मिळवितात. दहा ते पंधरा वर्षे वाढलेले झाड एका हंगामात जेमतेम 200 ग्रॅम चीक देते. कच्चा चीक अंगाला लागल्यास पुरळ उठते. विशेष म्हणजे हा चीक उन्हात वाळत नाही. त्यातील विकर दमट हवेत प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे कठीण पापुद्र्यात रूपांतर करते. ज्या आर्द्रतेपासून धनुष्याला वाचवायचे, तिच्याच साहाय्याने त्याचे कवच तयार होते. एकावर एक पातळ थर देऊन, प्रत्येक थर घट्ट होऊ देऊन हे काम पूर्ण केले जाते. लोहाच्या योगाने काळा, तर हिंगूळ वा लोहयुक्त मातीने लाल रंग साधला जातो.

वेष्टनाचे प्रयोजनही असेच व्यावहारिक होते. प्रत्यंचा ओढली असता धनुष्याच्या बाह्य पृष्ठावर ताण येतो व लाकडाचे तंतू उचकटू लागतात. सालीच्या पट्ट्या आडव्या गुंडाळल्याने हे तंतू जागीच दाबून धरले जातात.

प्राचीन पुरावे :

उत्तर जपानमधील कोरेकावा येथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, साल गुंडाळून उरुशीचा लेप दिलेली धनुष्ये दलदलीच्या थरात मिळाली. हे स्थळ 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या जोमोनकालीन स्थळसमूहाचा भाग आहे. उघडे लाकूड सहसा कुजून जाते. येथे पाणथळ मातीबरोबरच लेपानेही धनुष्यांचे अवशेष राखले. रक्षणासाठी दिलेला लेप अशा रीतीने इतिहासाचे साधन ठरला.

तिसऱ्या शतकात चेन शौ याने रचलेल्या चिनी इतिहासग्रंथात जपानी लोकांच्या लाकडी धनुष्याचा खालचा भाग आखूड व वरचा लांब असल्याची नोंद आहे. इ. स. 756 मध्ये सम्राज्ञी कोम्यो हिने दिवंगत सम्राट शोमू याच्या वस्तू नारा येथील तोदाइजी मंदिरास अर्पण केल्या. त्या दानसूचीत 100 धनुष्ये असून त्यांपैकी बहुतेक अझुसा या बर्चवर्गीय झाडाच्या लाकडाची आहेत. इ. स. 764 च्या बंडाच्या वेळी यातील बरीच शस्त्रे बाहेर काढण्यात आली. तथापि शोसोइन या भांडारात आजही आठव्या शतकातील धनुष्ये पाहावयास मिळतात. त्यांतील गोळे फेकण्याच्या एका धनुष्यावर डोंबारी, वादक व नर्तक यांची शाईने काढलेली चित्रे आहेत. येथे धनुष्याचे अंग हे चित्रफलक झालेले दिसते.

संरक्षणाकडून प्रतिष्ठेकडे :

बाराव्या शतकाच्या सुमारास लाकडाला बांबूची पट्टी जोडून धनुष्य अधिक लवचिक करण्यात आले. परंतु जोडणारा सरस ओलाव्याने सुटतो. त्यामुळे रोगण व वेष्टन यांची गरज अधिकच वाढली. काळ्या रोगणावर पांढऱ्या वेताचे दाट वेढे असलेले 'शिगेतो' धनुष्य याच गरजेतून विकसित झाले आणि सेनानायकाची खूण मानले जाऊ लागले. परंपरेने मुठीच्या वर 36 व खाली 28 वेढ्यांचा संकेत सांगितला जातो. त्यांपैकी 28 ही संख्या चांद्रमार्गावरील नक्षत्रांशी, तर 36 ही पृथ्वीवरील प्राण्यांशी जोडली गेली. सांधा सुटू नये म्हणून घातलेल्या वेढ्याला असा विश्वरचनेचा अर्थ लाभला. बंदूक 1543 मध्ये जपानात आली व कालांतराने रणांगणावरील धनुष्याचे महत्त्व ओसरले. मात्र धनुर्विद्येच्या साधनेत ते टिकून राहिले.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, जपानी धनुष्याच्या बाबतीत उपयुक्तता व सौंदर्य यांची फारकत करता येत नाही. अलंकार हा गरजेच्या पोटी जन्मला आणि गरज बदलली तरी अर्थरूपाने उरला. मियाकोनोजो येथील धनुष्यनिर्मितीस 1994 मध्ये पारंपरिक हस्तकलेचा राष्ट्रीय दर्जा मिळाला. तथापि धनुर्विद्येच्या सरावात आता काचतंतूंची धनुष्येही रूढ आहेत आणि जपानला लागणारी बहुतांश उरुशी चीनमधून येते. राष्ट्रीय संपदा ठरलेल्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठी देशी उरुशीच वापरण्याचे धोरण तेथील सांस्कृतिक विभागाने 2015 मध्ये जाहीर केले, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. धनुष्याचा नमुना संग्रहालयात जतन करता येईल. परंतु झाड लावणारा, चीक काढणारा आणि थर चढविणारा यांची साखळी तुटल्यास त्या नमुन्यात साठलेले ज्ञान वाचणे पुढील पिढ्यांना कठीण होईल.