मातीला किती वाजता?

रात्रीचे अडीच. बार्शीत वाड्याच्या दारात तुम्ही उभे आहात आणि फोन थांबत नाही. वैराग, पांगरी, पानगाव, सगळीकडचे पाहुणे एकच विचारतात, "मातीला किती वाजता?" आपल्या भागात अंत्यविधी हा शब्द पत्रिकेपुरता. माणसं मातीला येतात.

चुलतभाऊ शारजात गेला त्याला आज सहा दिवस झाले. या सहा दिवसांत तुम्ही रडला नाहीत, कागद गोळा केलेत. तिथला मृत्यूचा दाखला, पोलिसांची परवानगी, वकिलातीचं ना-हरकत पत्र, रद्द केलेला पासपोर्ट, देह टिकावा म्हणून औषध भरल्याचा दाखला. मग सीलबंद पेटी आणि वजनावर आकारलेलं विमानभाडं. 'कार्गो' हा शब्द तुम्ही घरात एकदाही उच्चारला नाहीत. मुंबईला विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्यानं कागद पाहून पेटी सोडली, आणि आता अॅम्ब्युलन्स इंदापूर मागे टाकून भीमेच्या पुलाकडे येते आहे.

आतून चुलती विचारते, "तोंड दिसंल का रं?"

तुम्हाला उत्तर देववत नाही. तुम्ही अंधारात चालू लागता. भगवंताच्या देवळाची गल्ली मागे पडते, पेठ मागे पडते, आणि पाय रुळाला अडखळतो. खाली वाकून बघता तर रुळांतलं अंतर जेमतेम अडीच फूट. समोर छोट्या इंजिनाचा धूर. बार्शी लाईट उभी आहे, १८९७ पासून रोज उभी राहते तशी.

आज बुधवार, ९ डिसेंबर १९४२.

तुम्ही चढता. डब्यात घोंगड्या, ज्वारीची पोती, डाव्या खांद्यावर लेकरू झोपवलेली एक बाई. बाहेर शाळू उभा आहे, हुरड्याला अजून थोडा अवकाश. शेंद्री येते, मग कुर्डुवाडी. तिथं मोठ्या रुळांची गाडी धरून तुम्ही सोलापूर गाठता. गिरण्यांचे भोंगे वाजतात. चहाच्या दुकानात युद्धाच्या बातम्या चालल्या आहेत. आणि या अख्ख्या शहरात एक गोष्ट फक्त तुम्हाला माहीत आहे: याच गावात जन्मलेला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आज चीनमध्ये वारला. वय ३२.

कुणाला सांगणार? सांगायला तोंड उघडता आणि थंडीच तोंडात शिरते. तुम्ही आता हपै प्रांतातल्या गेगोंग गावात आहात. फेफऱ्याचे झटके गेले काही दिवस वाढले होते, तरी डॉक्टर काम सोडत नव्हता. डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचा तो प्रमुख. बायको क्वो छिंगलान, परिचारिका. मुलगा साडेतीन महिन्यांचा, नाव इन्‌ह्वा. इन् म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. बापाला ओळखण्याइतकंही त्याचं वय नाही. जमलेल्या माणसांची भाषा तुम्हाला कळत नाही, पण ती कशाला आली आहेत ते कळतं. मातीला आली आहेत.

तुमच्या सहा दिवसांच्या सवयीनं तुम्ही हिशेब करू लागता. पेटी कुठून काढायची? भोवती जपानी फौजा. हाँगकाँग गेल्या डिसेंबरात पडलं. ब्रह्मदेश यंदा गेला, त्याबरोबर तिथून चीनला जाणारा रस्ताही बंद झाला. दाखला द्यायला कचेरी नाही, ना-हरकत द्यायला वकिलात नाही. १९३८ च्या सप्टेंबरात चीनच्या मदतीला मुंबईहून पाच डॉक्टर निघाले होते, परतणारे चौघंच. वडील गेल्याची बातमी कोटणीसांना चीनमध्येच मिळाली होती, तेव्हाही ते माघारी फिरले नव्हते. बापाच्या मातीला हा लेक नव्हता, आणि आता लेकाच्या मातीला भारतातल्या घरचं कुणी नाही.

देह न आलेल्या घरांसाठी शास्त्रानं पालाशविधी सांगितला आहे. पळसाची ३६० देठं मांडून माणसाचा आकार करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. शारजाचे कागद अडले होते त्या तिसऱ्या दिवशी घरातल्या एका वडीलधाऱ्यानं हळूच हे सुचवलं होतं, आणि तुम्ही त्यांच्यावर ओरडला होतात. इथं, गोठलेल्या जमिनीत पडणारी कुदळ ऐकताना, तुम्हाला त्यांचं म्हणणं उमगतं. पळस का होईना, हाताला काहीतरी लागावं लागतं.

कोटणीस चीनच्या मातीचे झाले, असं भाषणांत म्हणतात. पुढे त्यांचे अवशेष शिज्याच्वांगच्या शहीद दफनभूमीत नेले, तिथं पुतळा उभा राहिला, पितरांच्या छिंगमिंग सणाला लोक फुलं वाहतात. चिनी नेते मुंबईत आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटत राहिले. सोलापूरच्या घरात स्मारक झालं. या सगळ्याचा अभिमान तुम्हालाही आहे. तरी आज रात्री तुम्हाला ते वाक्य म्हणवत नाही. तो मान त्या घरानं मागितलेला नव्हता. त्यांना लेकाचं तोंड बघायचं होतं. त्यातल्या त्यात एवढंच झालं की पुढे छिंगलान भारतात आल्या. देह आला नाही, सून आली.

फोन वाजतो. पायाखाली बार्शीची डांबरी सडक आहे. चालक म्हणतो, "कुर्डुवाडी सोडली बघा. पाऊण तासात पोचतो."

पेटीला स्क्रू असतात, हे मुंबईहून आलेल्या पोरानं सांगितलंय. सहा दिवस झालेत, उघडू नका, असंही कुणी कुणी सांगितलंय. तुम्ही घराकडे वळता. उंबऱ्यावर चुलती तशीच बसलेली. तुम्ही तिच्या शेजारून जाता आणि पलीकडच्या वायरमनची कडी वाजवता. तो झोपेतच दार उघडतो.

"मोठा स्क्रूड्रायव्हर आहे का रे?"