गरोदरपणातील व बाळंतपणानंतरचे नैराश्य : सातारा–सांगलीतील जोखीम घटक

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरच्या वर्षभरात स्त्रीला जडणारा मनाचा आजार. सतत उदास वाटणे, कशातच जीव न रमणे, बाळ निजले तरी डोळा न लागणे, अन्नावरची वासना उडणे, आई म्हणून आपण कुचकामी आहोत असे वाटत राहणे आणि कधी जीव द्यावासा वाटणे, ही त्याची लक्षणे. ती दोन आठवडे टिकून राहिली तर नैराश्याचे निदान होते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाचच रडू येते, चिडचिड होते. निम्म्याहून अधिक बायकांना हा अनुभव येतो आणि पंधरवड्यात तो आपसूक ओसरतो. तो आजार नव्हे. दुसऱ्या टोकाला हजारात एक-दोघींना होणारा तीव्र चित्तभ्रम असतो. त्यात भास होतात, वागण्याचे भान सुटते आणि रुग्णालय तातडीने गाठावे लागते. नैराश्य या दोहोंच्या मधले. गाजावाजा न करता येते, म्हणून घरात लवकर कोणाच्या लक्षात येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत सुमारे १५.६ टक्के गरोदर स्त्रियांना आणि १९.८ टक्के बाळंतिणींना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होतो. भारतातील ३८ अभ्यासांचा, म्हणजे २०,०४३ बाळंतिणींचा, एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नैराश्याचे प्रमाण २२ टक्के निघाले. पैशाची चणचण, घरातली मारहाण, नवरा-बायकोतील बेबनाव, नवऱ्याचा आधार नसणे, आधीचा मानसिक आजार आणि मुलगी होणे, हे त्यात पुन्हा पुन्हा दिसलेले घटक. यांतल्या एकामुळे आजार होतोच असे नाही. ते एकावर एक साचत गेले की धोका वाढतो. कृष्णाकाठचा बागायती पट्टा आणि माण, खटाव, आटपाडी, जतचा दुष्काळी पट्टा अशा दोन तऱ्हा सातारा-सांगलीत शेजारी शेजारी नांदतात. त्यामुळे या यादीतला कोणता घटक पैशाने हटतो आणि कोणता हटत नाही, हे या दोन जिल्ह्यांत चांगले दिसते.

मुलाची अपेक्षा. पैशाने न हटणारा घटक हा. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८९५ आणि सांगलीत ८६७ मुली होत्या. २००१ मध्ये हेच आकडे ८७८ आणि ८५१ होते. ऊस, द्राक्ष आणि साखर कारखान्यांनी सुबत्ता आणलेल्या भागातले हे आकडे. गर्भलिंगनिदानावर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाल्यानंतर पोलिसांना पुरलेली १९ अर्भके सापडली. साताऱ्यात नको असलेल्या मुलीचे नाव ‘नकुशा’ किंवा ‘नकोशी’ ठेवण्याची चाल होती. २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्या समारंभात चर्चा मुलींची झाली. ज्या घरात लेकीचे नाव असे ठेवले जाते, त्याच घरात तिच्या आईचे बाळंतपण होत असते, ही बाजू मागेच राहिली.

या बाजूचा पुरावा शेजारच्या गोव्यात मिळतो. विक्रम पटेल, मेर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर स्त्रियांची नोंद करून बाळंतपणानंतरही त्यांचा पाठपुरावा केला. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही सावरल्या नव्हत्या. मुलगी होणे हा स्वतंत्र धोका तर ठरलाच. शिवाय नवऱ्याची मारहाण आणि उपासमार यांचा मनावर किती परिणाम होतो, हेही बाळ मुलगा की मुलगी यावर बदलत होते.

पैसा, पाणी आणि ऊस. दुष्काळी पट्ट्यात पाण्याचे ओझे बाईच्या डोक्यावर असते. टँकरची वाट पाहणे, हंडे वाहणे, जनावरांना छावणीत सांभाळणे यांतून गरोदर बाईची सुटका होतेच असे नाही. तोडणीच्या हंगामात दोन्ही जिल्ह्यांतील कारखान्यांकडे बीड आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या येतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ धरतात. बाई बसली की कोयता अर्धा पडतो, उचल फिटत नाही. म्हणून दिवस भरत आले तरी फडात मोळ्या बांधणे सुरू राहते आणि बाळंतपणानंतर कोपीत विश्रांती म्हणावी तशी मिळत नाही.

त्यात पुराची भर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये सांगलीत पुन्हा पूर आला, तर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वस्त्यांवर दरडी कोसळल्या. घर सोडावे लागणे, औषधोपचारात खंड पडणे, जवळचे माणूस दगावणे या घटना कोणाचेही मन हादरवतात. गरोदरपणातील असे आघात पुढच्या नैराश्याची शक्यता वाढवतात.

नवरा लांब. विटा, आटपाडी, खटाव भागातली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. पाटण-जावळीची माथाडी कामगार म्हणून मुंबई-नवी मुंबईला जातात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) सारख्या गावांत घरटी सैनिक. नवरा लांब असला म्हणजे आधार तुटलाच असे नव्हे. रोजचा फोन आणि वेळेवर येणारा पैसा बरेच काही सावरून नेतो. पण गलाईवाल्याबरोबर परप्रांतात गेलेल्या सुनेला भाषा येत नाही, शेजारीण ओळखीची नसते आणि बाळंतपणात हाताखाली कोणी नसते. गावी राहिलेल्या सुनेचे सारे दिवस सासरच्यांच्या मर्जीवर चालतात. नवरा घरी असूनही दारू पिऊन मारत असेल, तर त्याच्या जवळ असण्यानेच धोका वाढतो.

माहेर आणि सासर. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत, सव्वा महिन्याची विश्रांती, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू या सगळ्यांतून बाळंतिणीला झोप आणि माया मिळते. धोका निर्माण होतो तो यात खंड पडला की: आई हयात नसते, माहेरची परिस्थिती बेताची असते, नाहीतर दुसऱ्या खेपेला माहेरी पाठवतच नाहीत. वेल्लोरजवळच्या ग्रामीण भागात ३५९ स्त्रियांवर झालेल्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सासूशी बिनसणे हा धोक्याचा घटक निघाला. पण स्वतःच्या आईवडिलांशी बिनसणे हाही निघाला. कामाला हातभार नसणे आणि मुलाची आस असताना मुलगी होणे हे घटक तिथेही होतेच.

शरीर आणि पूर्वेतिहास. आधी कधी नैराश्य येऊन गेले असेल तर ते परत येण्याची शक्यता सर्वांत जास्त. गोव्याच्या अभ्यासात बाळंतपणानंतर आजारी असलेल्यांपैकी ७८ टक्के बायका गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. म्हणजे आजाराची चाहूल आधीच लागलेली असते. गर्भपात, मृत बाळ, कमी दिवसांचे बाळ अतिदक्षता कक्षात असणे, फार लहान वयातले लग्न, थायरॉईडचा विकार हेही घटक मोजले जातात. रक्तक्षयही त्यात येतो; राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो आढळला. थायरॉईड आणि रक्तक्षयाची लक्षणे नैराश्यासारखीच दिसतात, म्हणून रक्ततपासणी आधी करतात.

बाळावर परिणाम. गोव्यातील त्याच गटाने २००३ मध्ये बाळांच्या वाढीची नोंद प्रसिद्ध केली. सहाव्या महिन्यात कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण नैराश्य असलेल्या आयांमध्ये ३० टक्के, तर इतरांत १२ टक्के होते.

ओळख व उपचार. जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तयार केलेली एडिंबरा प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न आणि कमाल ३० गुण अशी तिची रचना. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो; त्याला होकार आला तर एकूण गुण कितीही असोत, बाईला एकटे सोडत नाहीत. गावपातळीवर ही विचारपूस करायला आशा कार्यकर्ती सोयीची. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी ती ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. बाळाचे वजन-ताप पाहताना आईची झोप, भूक, रडणे आणि घरातली वागणूक विचारता येते. सासू समोर बसलेली असली की खरे उत्तर मिळणे अवघड, म्हणून हे बोलणे बाजूला नेऊन करावे लागते.

अशा साध्या कार्यकर्तीकडूनही उपचार होतात. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतीफ रहमान यांच्या चमूने ९०३ नैराश्यग्रस्त स्त्रियांवर केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. आरोग्य सेविकांनी शिकवलेल्या पद्धतीने भेटी देऊन बोलणे केले, त्या गटात सहा महिन्यांनी २३ टक्के बायका आजारी राहिल्या. नुसत्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. पुढे गोव्यात हीच पद्धत गावातल्या ‘सखीं’मार्फत राबवली गेली. आजार तीव्र असेल तर औषधे लागतात. अंगावर पाजत असतानाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतील अशी काही औषधे आहेत.

मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आणि कराडचे कृष्णा रुग्णालय ही भागातली मोठी उपचारकेंद्रे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही मोफत सरकारी सेवा सुरू असून तिथे मराठीतही बोलता येते. आईला मानसिक रुग्णालयात दाखल करावे लागले, तर तीन वर्षांखालील मुलाला एरवी तिच्यापासून तोडू नये, अशी तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहे.