विमान सुखरूप उतरलं, तरी मुंबईची उड्डाणं चार-चार दिवस का रखडतात?

१२ सप्टेंबर २०२५. गुजरातमधल्या कांडला विमानतळावरून स्पाइसजेटचं क्यू-४०० विमान मुंबईकडे निघालं. विमान हवेत गेल्यावर खाली धावपट्टीवर त्याचं एक चाक पडलेलं आढळलं. मुंबई विमानतळावर 'फुल इमर्जन्सी' जाहीर झाली. पण दुपारी ३ वाजून ५१ मिनिटांनी विमान सुखरूप उतरलं आणि स्वतःच्या इंजिनांवर टर्मिनलपर्यंत गेलं. थोड्याच वेळात विमानतळाचं कामकाज पूर्ववत झालं.

आता १ जुलै २०१९ ची रात्र आठवा. जयपूरहून आलेलं स्पाइसजेटचं बोइंग ७३७ मुसळधार पावसात मुंबईत उतरलं, पण वेळेत थांबलं नाही. धावपट्टी ओलांडून ते पुढच्या चिखलात रुतलं. प्रवासी सुखरूप होते. तरीही मुख्य धावपट्टी पुन्हा सुरू व्हायला ५ जुलै उजाडला. पहिल्याच दिवशी पन्नासहून अधिक उड्डाणं रद्द झाली आणि जवळपास तितकीच दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली.

एकीकडे निखळलेलं चाक, तरी खोळंबा थोडाच. दुसरीकडे चिखलात रुतलेलं विमान आणि चार दिवसांचा गोंधळ. असं का होतं? कारण लँडिंग किती थरारक होतं, यावर खोळंबा ठरत नाही. उतरलेलं विमान धावपट्टीवरून स्वतः बाजूला होऊ शकतं का, यावर तो ठरतो.

इमर्जन्सी लँडिंग म्हणजे नेमकं काय?

विमानात बिघाड झाला, धूर दिसला, एखाद्या प्रवाशाची प्रकृती गंभीर झाली किंवा धमकी आली, तर वैमानिक ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर लवकरात लवकर उतरण्याचा निर्णय घेतो. धोका गंभीर आणि तातडीचा असेल तर तो रेडिओवर तीनदा 'मेडे' म्हणतो. परिस्थिती तातडीची आहे, पण जिवाला लगेच धोका नाही, अशा वेळी 'पॅन-पॅन' हा इशारा दिला जातो. विमानाच्या ट्रान्सपॉन्डरवर ७७०० हा आकडा लावला की नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर ते विमान वेगळं उठून दिसतं. मग इतर विमानांना बाजूला ठेवून त्याला वाट दिली जाते.

'फुल इमर्जन्सी' हा शब्द सोशल मीडियावर लगेच पसरतो आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात तो विमानतळाच्या तयारीचा एक ठरलेला टप्पा आहे. विमान अडचणीत असल्याचं कळताच अग्निशमन गाड्या, रुग्णवाहिका आणि डॉक्टर आधीच जागेवर आणून ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ. अपघात झाला, असा त्याचा अर्थ होत नाही. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार विमानतळाची पहिली अग्निशमन गाडी धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचायला हवी.

मुंबईने याहून अवघड प्रसंगही पाहिला आहे. ६ मे २०२१ रोजी नागपूरहून रुग्णाला घेऊन हैदराबादकडे निघालेल्या छोट्या एअर ॲम्ब्युलन्सचं चाक उड्डाणाच्या वेळीच निखळलं. विमान मुंबईकडे वळवण्यात आलं. धावपट्टीवर फेस पसरण्यात आला आणि वैमानिकाने विमान पोटावर उतरवलं. रुग्णासह विमानातले पाचही जण वाचले.

बिघाड झाला, तरी विमान घिरट्या का घालतं?

फ्लाइट ट्रॅकिंग ॲपवर विमान गोल गोल फिरताना दिसलं की 'वैमानिकाला उतरता येत नाहीये' अशा पोस्ट सुरू होतात. बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. प्रत्येक विमानाला उतरतानाच्या वजनाची मर्यादा असते. नुकत्याच उडालेल्या विमानाच्या टाक्या भरलेल्या असतात. लांब पल्ल्याच्या काही मोठ्या विमानांना हवेतच इंधन सोडता येतं. पण देशांतर्गत मार्गांवरच्या बोइंग ७३७ किंवा एअरबस ए-३२० मध्ये ती सोय नसते. त्यामुळे इंधन जाळून वजन कमी करण्यासाठी ती घिरट्या घालतात. त्याच वेळात वैमानिक तपासणीची यादी पूर्ण करतात आणि जमिनीवरची तयारीही होते. आग लागल्यासारखी परिस्थिती असेल, तर मात्र वजन जास्त असतानाही विमान थेट उतरवलं जातं.

मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, मग अडचण कुठे?

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. ०९/२७ ही मुख्य आणि १४/३२ ही दुय्यम. पण या दोन्ही एकमेकींना छेदतात. त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरली जाते. दिल्लीसारख्या समांतर धावपट्ट्या इथे नाहीत. चारही बाजूंनी वस्ती असल्याने नवी धावपट्टी बांधायला जागाही उरलेली नाही.

मुख्य धावपट्टीवर तासाला साधारण ४५ विमानं ये-जा करू शकतात. दुय्यम धावपट्टीवर हा आकडा ३५ च्या आसपास येतो. म्हणजे दर तासाला दहाएक विमानांची जागा कमी होते. दिवसाला ९०० हून अधिक विमानांची ये-जा होणाऱ्या विमानतळावर ही तूट पाहता पाहता शेकड्यात जाते. त्यात पाऊस आणि जोराचा वारा असेल, तर दुय्यम धावपट्टीची क्षमता आणखी घटते.

२०१९ मध्ये नेमकं हेच झालं. २ जुलैच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ३७५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. लोकल सेवा कोलमडली होती, रस्ते पाण्याखाली होते आणि त्याच वेळी मुख्य धावपट्टी बंद होती. त्याआधी १९ सप्टेंबर २०१७ रोजीही वाराणसीहून आलेलं विमान पावसात असंच धावपट्टीबाहेर गेलं होतं. तेव्हाही मुख्य धावपट्टी दीड-दोन दिवस बंद राहिली.

२१ जुलै २०२५ चा प्रसंग या दोन टोकांच्या मधला म्हणावा लागेल. कोचीहून आलेलं एअर इंडियाचं विमान जोरदार पावसात धावपट्टीवरून घसरलं. पण ते स्वतःहून पार्किंगच्या जागेपर्यंत गेलं. मुख्य धावपट्टीचं थोडं नुकसान झालं होतं, म्हणून दुय्यम धावपट्टी सुरू करण्यात आली. विमान अडकलं नसल्याने २०१९ सारखी वेळ आली नाही.

रुतलेलं विमान हलवायला इतके दिवस का लागतात?

रस्त्यात ट्रक बंद पडला की क्रेन येते आणि तो उचलून नेते. विमानाचं तसं नसतं. रिकाम्या बोइंग ७३७ चं वजनही ४० टनांच्या पुढे जातं. ते चिखलात रुतलं असेल आणि चुकीच्या जागी जोर लागला, तर पंख किंवा सांगाडा मोडू शकतो.

म्हणून आधी प्रवाशांचं सामान उतरवायचं आणि इंधन काढायचं. मग चाकांभोवतीची माती उपसून कडक जमीन तयार करायची, हवेच्या मोठ्या पिशव्यांनी किंवा जॅकने विमान उचलायचं आणि हळूहळू ओढत बाहेर आणायचं. त्याआधी तपास यंत्रणेला पुरावे नोंदवून घ्यावे लागतात, कारण त्यांच्या परवानगीशिवाय विमान हलवता येत नाही. २०१९ मध्ये या कामासाठी एअर इंडियाकडचं खास उपकरण वापरावं लागलं आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. विमान निघाल्यावरही धावपट्टी आणि तिच्या कडेचे दिवे तपासूनच वाहतूक सुरू होते.

घटना मुंबईत, मग नागपूरचं विमान का रद्द?

एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळी मुंबई-नागपूर, मग नागपूर-मुंबई, मग गोवा, असा त्याचा दिवस चालतो. सकाळची पहिली फेरी चुकली की पुढच्या सगळ्या फेऱ्यांचं वेळापत्रक ढासळतं. वळवलेलं विमान अहमदाबादला उभं असतं आणि त्याचे पुढचे प्रवासी मुंबईत वाट बघत असतात. शिवाय वैमानिक आणि केबिन क्रूच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. विमान तयार असलं तरी क्रूची वेळ संपली असेल, तर ते उडू शकत नाही. 'बाहेर आभाळ मोकळं आहे, तरी विमान का सोडत नाहीत?' या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

प्रवाशाला काय मिळू शकतं?

नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांनुसार उड्डाण रद्द झालं तर पर्यायी उड्डाण किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यांपैकी एक पर्याय प्रवाशाला मिळायला हवा. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाण्यापिण्याची सोय मिळते. उशीर सहा तासांच्या पुढे जाणार असेल, तर पर्यायी उड्डाण किंवा परतावा मागता येतो.

पण एक मोठा अपवाद आहे. कारण विमान कंपनीच्या हाताबाहेरचं असेल, उदाहरणार्थ पूर किंवा हवाई नियंत्रण कक्षाचे निर्बंध, तर रोख भरपाई द्यावी लागत नाही. जेवण आणि हॉटेलच्या बाबतीतही कंपनी याच कारणाकडे बोट दाखवू शकते. त्यामुळे पर्यायी उड्डाण घ्यायचं की पैसे परत, हे शांतपणे ठरवा. रद्द झाल्याचा मेसेज जपून ठेवा आणि दाद मिळाली नाही तर 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार नोंदवा.

आणि इमर्जन्सी लँडिंग होणाऱ्या विमानात तुम्हीच असाल तर? सीटबेल्ट घट्ट बांधा आणि क्रू सांगेल तसंच करा. बाहेर पडायला सांगितलं तर सामान तिथेच सोडा. निम्मी दारं बंद असतानाही सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध केल्याशिवाय प्रवासी विमानाला मान्यता मिळत नाही. डोक्यावरच्या कप्प्यातून बॅग काढणारा एक प्रवासी मागच्या सगळ्यांची वाट अडवतो.

घरातून निघण्याआधी

अशा दिवशी सर्वात जास्त फरफट होते ती लांबून येणाऱ्यांची. भिवंडी तालुक्यातल्या खारबावचंच उदाहरण घ्या. वसई-दिवा मार्गावरच्या या स्टेशनवर गाड्या मोजक्याच थांबतात. रस्त्याने जायचं तर चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्ता आणि पुढे भिवंडीची अवजड वाहतूक पार करावी लागते. अंधेरीला राहणाऱ्याला विमान रद्द झाल्याचं विमानतळावर कळलं, तर तो अर्ध्या तासात घरी परततो. खारबावच्या कुटुंबाचा मात्र अख्खा दिवस आणि गाडीभाडं दोन्ही जातं. म्हणून धावपट्टी बंद झाल्याची बातमी आली, तर निघण्याआधी उड्डाणाची स्थिती कंपनीच्याच ॲपवर किंवा वेबसाइटवर तपासा. फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर किंवा जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. तिकीट एजंटकडून काढलं असेल, तर बुकिंगमध्ये स्वतःचा मोबाइल नंबर दिला आहे ना, हेही बघा. नाहीतर रद्द झाल्याचा मेसेज एजंटच्या फोनवर जातो.

नवी मुंबई विमानतळामुळे फरक पडेल?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. मुंबईची मुख्य धावपट्टी बंद पडली, तर काही विमानांना आता अहमदाबाद किंवा गोव्याऐवजी पलीकडच्या काठावर उतरण्याचा पर्याय आहे. खारबावहून जाणारा लोहमार्गही पुढे पनवेलला पोहोचतो, त्यामुळे या पट्ट्यातल्या प्रवाशांनाही एक दुसरी वाट मिळाली आहे.

मात्र नवी मुंबईतही सुरुवातीला एकच धावपट्टी आहे. दुसरी, समांतर धावपट्टी आराखड्यात आहे. ती झाल्यावरच एका धावपट्टीवर विमान अडकलं, तरी दुसरी स्वतंत्रपणे चालू ठेवता येईल. तोपर्यंत पावसाळ्यात मुंबईहून उडणाऱ्यांनी महत्त्वाचा इंटरव्ह्यू, परीक्षा किंवा परदेशी जाणारं पुढचं विमान यांच्यासाठी हातात किमान एक दिवस जास्तीचा ठेवलेला बरा.