दोष दाखविणारे यंत्र आणि दोष सुधारणारा माणूस

तांदूळ निवडायला बसलेल्या आजीला खडा सुपातच दिसतो. जेवणाऱ्याला तो दाताखाली लागतो. खडा एकच, पण कोठे सापडला यावर सारे अवलंबून आहे. संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच आहे. ती चालवल्यावर दोष उघडकीस येणे निराळे आणि न चालवता, केवळ तिचा मजकूर वाचून दोष दाखविणे निराळे. हे वाचनाचे काम यंत्राकडूनच करवून घेण्याचा उद्योग जवळजवळ अर्धे शतक चालू आहे. त्याचा इतिहास श्रोत्यांपुढे थोडक्यात मांडावा आणि त्यातून निघणारा एक प्रश्नही विचारार्थ ठेवावा, असा आमचा आजचा हेतू आहे.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होतो. तेथे 'सी' ही भाषा व 'युनिक्स' ही कार्यप्रणाली जन्मास आली. सी भाषेचा अनुवादक, म्हणजे कंपायलर, मोठा उदार होता. लिहिणाऱ्याला आपण काय करतो ते कळते, असे गृहीत धरून तो फारशी विचारपूस न करता भाषांतर करी. पुढे युनिक्स एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेण्याची वेळ आली, तेव्हा या उदारपणाची किंमत कळू लागली. तेथील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास एक स्वतंत्र तपासनीस लिहिला आणि त्याला 'लिंट' हे नाव दिले. लिंट म्हणजे कपड्याला चिकटणारा कापसाचा बारीक पिंजर. किंमत भरण्याआधीच वापरलेला चल, जेथे कधी पोचताच येत नाही अशी आज्ञा, एका ठिकाणी एका प्रकारचा आणि दुसऱ्या ठिकाणी भलत्याच प्रकारचा मानलेला आकडा, असा पिंजर हा तपासनीस वेचून दाखवी. एक गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लिंटची तक्रार चुकीची असेल तर आज्ञावलीत ठराविक टीप लिहून त्याला गप्प बसविण्याची सोय जॉन्सन यांनी मुळातच ठेवली होती. तपासनीसही चुकू शकतो, हे त्याच्या कर्त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

तो चुकतो यात कर्त्याचा आळस नाही; त्यामागे गणिताचा नियम आहे. कोणतीही आज्ञावली दिली असता ती कधीतरी थांबेल की नाही, हे सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, असे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली सिद्ध केले होते. १९५३ साली हेन्री राइस यांनी त्याच्याही पुढे जाऊन दाखविले, की आज्ञावलीच्या वर्तनाविषयीचा कोणताही अर्थपूर्ण प्रश्न असाच अनिर्णेय आहे. म्हणजे तपासनीसाने एकतर काही खडे राहू द्यावे किंवा काही चांगले दाणेही खडे म्हणून बाजूला काढावे. खडा एकही राहणार नाही, दाणा एकही जाणार नाही आणि निवडण्याचे काम हमखास पुरे होईल, असे सूप कोणालाच विणता येणार नाही.

मग करावे काय? १९७७ साली फ्रान्समधील पात्रिक व राधिया कुझो या पतिपत्नींनी एक मार्ग दाखविला. सतराला उणे चिन्ह लावून चारशे तेविसाने गुणले, तर उत्तर उणे येणार हे गुणाकार न करताही सांगता येते. त्याचप्रमाणे प्रत्येक चलाची नेमकी किंमत न शोधता ती कोणत्या मर्यादांमध्ये राहील एवढेच यंत्राने मोजावे. मर्यादा जरा सैल निघाल्या तर खोटी ओरड होईल. पण खरा दोष निसटणार नाही.

या विचाराचे मोल जगाला कळले ते एका अपघाताने. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियान-५ हे अग्निबाण प्रथमच उडाले आणि सुमारे ४० सेकंदांत आकाशात फुटले. चौकशीत कारण सापडले ते असे: आडव्या वेगाशी निगडित असलेला ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबण्यात आला होता. त्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. आज्ञावली एरियान-४ वरून जशीच्या तशी घेतली होती; जुन्या बाणाच्या मार्गात आकडा कधी एवढा वाढत नव्हता, नव्याच्या मार्गात वाढला. राखीव यंत्रातही तीच आज्ञावली, म्हणून तेही त्याच दोषाने बंद पडले. आणि दैवदुर्विलास असा, की ज्या हिशेबात ही चूक झाली, त्याची उड्डाणानंतर गरजच नव्हती. पुढे इनरिया या फ्रेंच संस्थेतील ॲलँ डॉइच यांच्या विश्लेषकाने एरियानची आज्ञावली तपासण्यात आली. २००१ साली कुझो यांच्या मंडळींनी 'आस्त्रे' हा विश्लेषक हाती घेतला. २००३ च्या नोव्हेंबरात त्याने एअरबस ए-३४० विमानाच्या उड्डाणनियंत्रणाच्या १,३२,००० ओळी तपासून त्यांत अशा जातीचा एकही दोष नाही, हे सिद्ध करून दिले.

आपल्याकडेही हे शास्त्र रुजले आहे. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधनकेंद्रात असा विश्लेषक घडविला गेला. मुंबईच्या आयआयटीतील उदय खेडकर व अमिताभ सान्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह या विषयावर लिहिलेला ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला.

येथवरचा इतिहास विजयाचा वाटेल. परंतु दुसरी बाजू सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाता येत नाही. 'डेबियन' या कार्यप्रणालीत गुप्तलेखनासाठी 'ओपनएसएसएल' ही आज्ञावली वापरली जाते. चालत्या आज्ञावलीच्या स्मृतीवर पाळत ठेवणाऱ्या एका साधनाने तक्रार केली, की येथे किंमत न भरलेली स्मृती वाचली जात आहे. तक्रार खरी होती. २००६ साली आज्ञावली सांभाळणाऱ्या गृहस्थाने मूळ कर्त्यांच्या चर्चेत विचारणा केली, कोणी ठाम हरकत घेतली नाही, आणि त्याने त्या आज्ञा गाळल्या. एकसारख्या दिसणाऱ्या त्या दोन आज्ञांपैकी एक गाळली तर बिघडण्यासारखे नव्हते. दुसरी मात्र गुप्त किल्ल्यांसाठी लागणारी सारी यदृच्छा आत येण्याची वाटच होती. वाट बंद झाली. किल्ल्या बनतच राहिल्या, कुलपे लागतच राहिली, तपासनीस गप्प झाला. पण ठराविक जातीच्या आणि लांबीच्या किल्ल्यांच्या शक्यता उरल्या जेमतेम ३२,७६८. चोराला त्या सगळ्या आधीच घडवून ठेवता येत होत्या. हे उघडकीस आले मे २००८ मध्ये. तोवर जवळजवळ दोन वर्षे जगभरची कुलपे नावालाच होती.

जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेत हा प्रकार परिचित आहे. नकलकाराला कठीण शब्द कळला नाही, की तो चूक समजून त्या जागी सोपा शब्द घालतो. ओळ शुद्ध दिसते, अर्थ मात्र जातो. म्हणून आडवळणी पाठ उडविण्यापूर्वी तो तेथे का आला, हे संपादक आधी पाहतो.

उलट टोकाची चूकही तितकीच घातक. स्टॅनफर्डचे डॉसन एंगलर व त्यांचे सहकारी यांनी असा विश्लेषक बाजारात आणला. त्यांनी २०१० साली आपला अनुभव नमूद केला, की ३० टक्क्यांहून अधिक तक्रारी खोट्या निघू लागल्या, तर लोक त्या साधनाकडे दुर्लक्ष करू लागतात. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतील गावकऱ्यांहून ते निराळे नाहीत.

तेव्हा आमचा प्रश्न हा: तपासनीस गप्प झाला म्हणजे दोष गेला काय? तक्रार नाहीशी करणे हे काम नव्हे; तक्रारीचे कारण समजून घेणे हे काम आहे. एरियानच्या वेळी विचारणारे कोणी नव्हते, म्हणून बाण फुटला. डेबियनच्या वेळी यंत्राने विचारले होते. पण ती ओळ तेथे काय करीत होती, हे माणसांनी पुरतेपणी शोधले नाही. यंत्र ओळीवर बोट ठेवील, न थकता, न कंटाळता. त्या ओळीचा अर्थ लावण्याची जबाबदारी ज्याच्या हाती लेखणी आहे त्याची आहे, आणि ती त्याने यंत्रावर ढकलू नये, एवढेच आम्हांला सांगावयाचे होते.