वॉर्डाची दारे आतून बंद : रॅडक्लिफ, १९२२

१/८
एप्रिल १९२२. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमजवळच्या रॅडक्लिफ मनोरुग्णालयात परिचारिका आणि पुरुष परिचर यांनी संप पुकारला. पण ते बाहेर पडले नाहीत. त्यांनी वॉर्डांचाच ताबा घेतला आणि दारांना आतून अडसर घातले. पोलिसांनी दारे फोडली, तेव्हा अनेक रुग्ण कर्मचाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. असे का घडले?

२/८
त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रत्येक परगण्याने मनोरुग्णांसाठी निवासी संस्था उभारल्या. रुग्ण तिथे वर्षानुवर्षे राहत; त्यांची काळजी घेणारेही तिथेच राहत. पहाटेपासून रात्रीपर्यंत सुमारे चौदा तासांचे काम आणि झोपण्याची खोली बहुधा वॉर्डालगतच. काम संपले तरी संस्था संपत नसे.

३/८
शिस्तही कडक होती. बाहेर जाण्यास परवानगी लागे. विवाह केल्यास स्त्रियांना सहसा नोकरी सोडावी लागे. काही संस्थांत तर रुग्ण पळून गेल्यास त्याला शोधून आणण्याचा खर्च निष्काळजी ठरलेल्या परिचराकडून वसूल होई. जबाबदारी मोठी, अधिकार मात्र नगण्य.

४/८
१९१० मध्ये लँकेशायरमधील कर्मचाऱ्यांनी पुढाकार घेऊन राष्ट्रीय संघटना स्थापन केली. त्यानंतर चारच वर्षांत महायुद्ध सुरू झाले. अनेक परिचर सैन्यात गेले. काही इमारती जखमी सैनिकांसाठी रिकाम्या करण्यात आल्या आणि तेथील रुग्ण अन्य संस्थांत कोंबले गेले. माणसे कमी, खाटा अधिक, अन्न अपुरे.

५/८
परिणाम भीषण होता. इंग्लंड-वेल्समधील या संस्थांत १९१८ या एका वर्षात दर पाच रुग्णांमागे सुमारे एक दगावला. क्षयरोग, इन्फ्लुएंझा, उपासमार आणि दाटी ही त्याची कारणे. त्याच वर्षी प्रेस्टविच आणि व्हिटिंगहॅम येथील कर्मचाऱ्यांनी संप केले.

६/८
युद्धानंतर कामाचे तास काहीसे घटले. प्रेस्टविचमध्ये काम केलेले डॉक्टर माँटेग्यू लोमॅक्स यांनी १९२१ मध्ये आपल्या पुस्तकातून आतील दुरवस्था उघड केली. मात्र तोवर मंदी आली होती. रॅडक्लिफच्या व्यवस्थापनाने वेतन कमी करून आठवड्याचे तास वाढवण्याचे ठरवले. संपाची ठिणगी इथे पडली.

७/८
संप मोडला गेला. संपकऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. परंतु रुग्णांची ती साथ विसरता येत नाही. किल्ल्या ज्यांच्या कमरेला, त्यांच्याच बाजूने कुलपाआड राहणारे उभे राहिले. या नात्यात जाच नव्हता, असे मुळीच नाही. लोमॅक्स यांनी मांडलेले चित्र कठोरच होते. तरीही दमलेल्या परिचराचा भार अखेर कोणाच्या अंगावर पडतो, हे रुग्णांइतके जवळून दुसऱ्या कोणी पाहिले असेल?

८/८
व्यवस्थापनाच्या हिशेबात वेतन, तास आणि खाटा हे वेगवेगळे रकाने होते. वॉर्डात मात्र ते एकच होते. एका परिचराकडे जितके रुग्ण अधिक, तितकी प्रत्येकाच्या वाट्याची काळजी कमी. निवासी संस्थांचा इतिहास वाचताना इमारत कोणी बांधली, कायदा कोणी केला, हे आपण विचारतोच. त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा : रात्री त्या वॉर्डात किती जण जागे होते, आणि ते किती तासांपासून जागे होते?